हाताचं माप

डोमाजी गुरुजींच्या तोंडून 'कोण?' हा प्रश्न मी कधी ऐकला नाही. वर्गातली कुंडी फुटली की आम्ही बाकीचे मास्तर-मास्तरणी आधी "कोणी फोडली?" म्हणून आवाज चढवायचो. गुरुजी तुकडे गोळा करत विचारायचे, "कशी फुटली रे?" मग पोरं चढाओढीने कशी ते सांगायची, आणि त्या सांगण्याच्या भरात कोणी, हेही बाहेर पडायचं. गुरुजी मात्र तेवढं ऐकलंच नाही असं दाखवायचे. हेडमास्तर चिडायचे. "मेश्राम गुरुजी, नाव कळल्याशिवाय शिस्त कशी राहणार?" त्यावर गुरुजींचं एकच उत्तर, "साहेब, कुंडी जोडून देऊन राह्यलो ना." आणि खरोखर दुसऱ्या दिवशी ती कुंडी जोडलेली असायची.

मी बालाघाटला आले ती नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ. राज्य नुकतंच बदललं होतं. काल नागपूरकडे बघणारं गाव आज भोपाळकडे बघायला शिकत होतं, आणि शाळेला येणारी सरकारी पत्रं हिंदीत येऊ लागली होती. मी मराठी शाळेत लागले तेव्हा माझ्या वर्गात अठ्ठावीस मुलं होती आणि त्यातली निम्मी मधल्या सुट्टीत हिंदीत भांडायची. डोमाजी मेश्राम तिथे हस्तकला शिकवत. चाळिशीचे, उंच, अंगाने काटकुळे, बोलायला सावकाश. नखांत कायम वाळलेली खळ. डबा खाताना आधी ते नखं कोरत बसायचे आणि आमचा डबा संपला की त्यांचा उघडायचा.

शाळेत ते कागदाची फुलं आणि मातीचे आंबे करायला शिकवत, पण खरं म्हणजे ते मुखवटे करणाऱ्या घराण्यातले. हट्टा नावाच्या कसब्याअलीकडे त्यांचं गाव. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, लेकीबाळी माहेरी येतात आणि भरदिवसा दंडार उभी राहते. दंडार म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य. नाच, गाणी, सोंगं, आणि मधूनमधून गावाची उणीदुणी. त्या गावच्या दंडारीतले सगळे चेहरे तीन पिढ्या मेश्रामांच्या घरात होत. मातीचा साचा, त्यावर खळ लावलेल्या कागदाचे थरावर थर, वाळल्यावर आतली माती काढायची आणि रंग द्यायचा.

गंमत अशी, की गणपतीचं तोंड गुरुजींच्या बापाने करायचं, पण पटेलाच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, घरी त्याला कुंकू लागलं की बापाने दहा हात लांब उभं राहायचं. आणखीही एक रीत होती. मुखवटा घालणारा गावातला, म्हणजे वरच्या जातीचा, असला तर त्याच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही. त्याने स्वतःच कपाळावर, गालावर दोरा धरायचा, गाठ मारायची आणि दोरा जमिनीवर टाकायचा. तो उचलून बापाने माप घ्यायचं. दोऱ्याने नाक कळतं, पण नाकाचं हाड कळत नाही. म्हणून ते मुखवटे कधी नीट बसले नाहीत. आत चिंध्या कोंबाव्या लागत आणि नाचताना ते एका बाजूला कलत.

छप्पन साली गुरुजी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. आल्यावर त्यांनी गावाला दोन गोष्टी सांगितल्या. एक, देवाचे चेहरे आता करणार नाही, माणसाचे सांगा. दुसरी, दोऱ्याचं माप बंद. "हात लावू द्याल तर चेहरा करतो. नाही तर गोंदियाच्या दुकानात भेटते."

गावाने आधी गोंदियाचं दुकान गाठलं. मी पाहिलेली पहिली मंडई ती. गोंदियाहून राजेगावमार्गे येणाऱ्या गाडीने गणपतीचा मुखवटा आणला होता, गुलाबी, चकचकीत. पण तो होता पातळ पुठ्ठ्याचा. दुसऱ्या नाचाला आतल्या पोराच्या घामाने पुठ्ठा भिजला, आणि गणपतीची सोंड हळूहळू खाली यायला लागली. हसावं की हात जोडावेत, कोणाला कळेना. सोंड एका कडेने तुटून नेमकी डोळ्यांच्या भोकांवर आडवी आली आणि गणपती चाचपडत ढोलकीवाल्याच्या मांडीवर जाऊन बसला. गुरुजी कडेला बसले होते. ते उठले आणि खिशातून सुई काढली.

पुजारी ओरडला, "डोमा, पूजा झालेल्या देवाले हात लावू नोको!"

"देवाले नाही लावत, महाराज. सोंडेले लावून राह्यलो. अंदर पोट्टं आंधळं झालं ना."

आधी बायका हसल्या, मग सगळी मंडई हसली, आणि त्या हसण्यात गुरुजींनी चार टाके घातले. पुढच्या वर्षीपासून गणपतीची नुसती तसबीर ठेवून दंडार सुरू व्हायला लागली, आणि बाकीच्या चेहऱ्यांसाठी गावातली तरणी पोरं एकेक करून बालाघाटला गुरुजींच्या खोलीवर यायला लागली.

ती पोरं रविवारी दुपारी यायची. मागच्या दाराने. गुरुजी त्यांना वेताच्या मोड्यावर बसवत, आपण समोर बसत, डोळे मिटत आणि दोन्ही हातांची बोटं कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश फिरवत. पुन्हा एकदा. मग हात धुवायचे नाहीत, बोलायचं नाही, थेट मातीला हात घालायचा. आत कोणाचं तोंड आहे, हे त्या साच्याला ठाऊक आणि गुरुजींना ठाऊक. "चेहऱ्याच्या अंदरचं नाव मी सांगत नाही," हा त्यांचा नियम. हा नुसता नाटकाचा थाट नव्हता. दंडारीत मुखवट्याआडून कोणी काय बोललं, यापेक्षा कोणी डोमा मेश्रामला तोंडाला हात लावू दिला, हे कळणं त्या पोरांना जास्त महागात पडलं असतं. बापाने घरात घेतलं नसतं.

माणसांचे चेहरे ते कुठून उचलत, याचा मला एकदा थिएटरात शोध लागला. आम्ही कुटुंबासह सिनेमाला गेलो होतो. खाली पहिल्या रांगेत एक माणूस पडद्याकडे पाठ करून बसलेला. दरवानाने त्याला दोनदा हटकलं. मध्यंतरात पाहते तर आमचे गुरुजी! दुसऱ्या दिवशी मी विचारलं. म्हणाले, "बाई, तिकडले चेहरे पावडर लावून येते. इकडले लोकं अंधारात बसून बिनधास्त राह्यते. सासू कशी रडते ते पाहाचं असन तर सिनेमात पाहा. घरी थोडीच रडते ती." त्या वर्षीच्या दंडारीतल्या सासूचा चेहरा पाहून माझ्या सासूबाई आठ दिवस घुश्शात होत्या.

एक गोष्ट सांगायला मला जड जातं, पण ती सांगितल्याशिवाय गुरुजी पुरे होणार नाहीत. शाळेच्या संमेलनात मी एका नाटुकल्यात म्हातारी करणार होते आणि मुखवटा गुरुजी करणार होते. शाळा सुटल्यावर वर्गात, दोन सहकारी समोर असताना, त्यांनी मोडा पुढे ओढला. मी बसले. त्यांनी हात उचलला आणि मी मान मागे घेतली. एक बोटभरच. परपुरुषाचा हात म्हणून घेतली, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. गुरुजींनी खिशात हात घातला आणि पांढरा दोरा काढून माझ्यापुढे धरला. मुखवट्याची सुई असायची तिथे दोराही असायचाच. पण त्यांनी सोडलेला तो दोरा माझ्यासाठी पुन्हा निघाला होता. मी म्हटलं, "दोरा ठेवा, गुरुजी." आणि डोळे मिटून बसले. त्यांचा हात इतका हलका होता की मला आजीची आठवण झाली. मुखवटा असा बसला, की संमेलनात तो उतरवायचं मी विसरून गेले.

त्यानंतर दोन वर्षांनी ते विहिरीचं प्रकरण झालं.

गुरुजींच्या गावात बौद्ध वस्तीला टोली म्हणत. गुरुजींची म्हातारी आई आणि थोरला भाऊ सुकरू तिथे राहत. उन्हाळ्यात गावची विहीर आटली की गाळ काढायला टोलीतले गडी उतरायचे. पाणी लागलं की त्यांनी वर यायचं आणि परत ओढ्यावर जायचं. त्या वर्षीच्या दंडारीत एक नवं सोंग आलं. मोठ्या मिशा, जाड भुवया, गालावर चामखीळ. हुबेहूब गावचे पटेल. अंगभर घोंगडी आणि सोंगाचा किनरा आवाज, म्हणजे आत कोण ते ओळखायची सोय नाही. पटेल स्वतः पुढे खुर्चीवर बसलेले. आधी तेही हसले.

सोंग म्हणालं, "आमच्या विहिरीची रीतच न्यारी! गाळ असला की टोलीचे पाय चालते, आन पानी आलं की टोलीची घागर नाही चालत. अरे, पानी आलं ते त्याइच्या पायावरूनच आलं ना! मी तेच पानी पेतो आन मिशीले ताव देतो!"

मांडव हसायचा थांबला. पटेलांनी खुर्ची मागे सारली आणि ते उठून गेले.

आत कोण होतं, हे मला माहीत होतं. मंडईच्या महिनाभर आधी, एका रविवारी दुपारी मी गुरुजींकडे कागद द्यायला गेले होते, तेव्हा मागच्या दाराने तेजलाल बाहेर पडताना दिसला. पटेलांचा धाकटा मुलगा, बालाघाटला शिकायला होता. वीस वर्षांचा असेल. भुवईला माती लागली होती. त्याने मला पाहून नमस्कार केला आणि पळाला. मी गुरुजींना काही विचारलं नाही आणि त्यांनी काही सांगितलं नाही.

गावाने मात्र ठरवून टाकलं की हे टोलीतल्याच कोणाचं काम. दिवस धान कापणीचे. वर्षाचं धान टोली त्या महिन्यात मजुरीत मिळवायची. पटेलांनी दवंडी दिली, नाव कळेपर्यंत टोलीतल्या कोणाला कापणीला बोलवायचं नाही. दुसऱ्या गावचे मजूर आले. पाच दिवस गेले, दहा गेले. टोलीत पेजेवर दिवस निघायला लागले. सुकरू बालाघाटला आला आणि शाळेच्या फाटकात, आम्हा सगळ्यांसमोर धाकट्या भावावर बरसला.

"तुले मालूम हाये कोन होता ते! टोलीतला नोहता, हे मलेबी मालूम हाये. मंग काहून तोंड शिवून बसला? आपल्या लेकराईचा घास मोठा का तुहा मुखोटा मोठा?"

गुरुजी खाली मान घालून उभे होते. सुकरूने डोक्याचा दुपट्टा जमिनीवर आपटला आणि निघून गेला. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको राधाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. पगारातून घेतलेले पायलीभर तांदूळ त्या सासरी पाठवत होत्या, पण वीस घरांच्या टोलीला ते कुठे पुरणार! मी म्हटलं, "गुरुजी, सांगून टाका. त्याचं काय होईल? बाप चार शिव्या देईल."

"मले समजते, बाई. एक नाव घेतलं का उद्या टोलीत धान येते." ते नखं कोरायला लागले. "पन त्या गावात ज्यानं मले हात लावू देल्ला, त्याचंच नाव घेऊ? मंग हात लावू नोका म्हननारे बरे झाले ना."

उत्तर राधाबाईंनी दिलं. त्या म्हणाल्या, "तुमचं खरं हाये. पन सासूबाई उपाशी हायेत, हेबी खरं हाये."

विसाव्या दिवशी पटेलांनी चावडी बसवली. मी तिथे नव्हते. राधाबाई होत्या, आणि त्यांनी सांगितलेलं मला आजही शब्दन् शब्द आठवतं. पटेल म्हणाले, "डोमा, नाव सांग. टोली उद्या कापणीले येईल." गुरुजींनी काखेतल्या कपड्यातून, मंडईनंतर आपल्याकडे परत आलेला तो चेहरा काढला आणि ओट्यावर ठेवला.

"नाव मी सांगत नाही, पटेल. माह्या बापानंबी कधी सांगितलं नाही. तुमी जवानीत दंडारीत नाचले हाये. हा चेहरा सोता लावून पाहा. मंग तुमीच काय ते ठरवा."

लोक हसले. पटेलांनी पटेलाचं सोंग घ्यायचं! पण पटेलांनी तो उचलला. तरुणपणी त्यांनी गुरुजींच्या बापाने केलेले कितीतरी चेहरे घातले होते. दोऱ्याच्या मापाचे, ढिले, चिंध्या कोंबलेले. हा चेहरा त्यांनी तोंडाला लावला आणि तो कपाळाला, गालाला, नाकाच्या हाडाला असा चपखल बसला, की दोरी बांधायची गरज उरली नाही. पटेलांच्या तोंडाला डोमाने कधीच हात लावलेला नव्हता. मग ज्याच्या तोंडाला लावला, त्याची हाडं पटेलांच्या घरचीच असणार. बाकी कोणाला हे कळायचं कारण नव्हतं. ते आत होते, त्यांनाच कळणार.

पटेलांनी चेहरा काढून ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "कोन होता, याचा पत्ता लागत नाही. सोडून द्या. टोलीनं उद्यापासून कापणीले यावं."

टोलीत त्या रात्री भात शिजला. सुकरूने येऊन भावाला मिठी मारली. मला वाटलं, गुरुजी आता छाती काढून शाळेत येतील. ते आले ते सुतकी चेहऱ्याने. आठवड्याच्या आत तेजलालचं शिक्षण सुटलं. त्याला रायपूरला मामाकडे धाडून दिलं, अशी बातमी आली. गुरुजी मला म्हणाले, "तोंडानं नाही सांगितलं, बाई, हातानं सांगितलं. चुगली ते चुगलीच."

त्यानंतर त्यांनी मुखवटा केला नाही. गाव विनवून थकलं. शाळेच्या संमेलनालाही नाही म्हणाले. दंडार पावडरीच्या तोंडांनी व्हायला लागली, आणि उघड्या तोंडाने कोण काय बोलणार? विहिरीचा विषय पुन्हा निघाला नाही. मी किती समजावलं, की तुम्ही वीस घरं जगवली. ते म्हणायचे, "हौ, जगवली. एका पोराले इकून जगवली." मला त्यांचा रागही यायचा. इतकं सरळ माणसाने असू नये, असं वाटायचं. पण ती पोरं तोंड पुढे करून डोळे मिटून बसायची ते अशाच माणसासमोर, हेही कळायचं.

अशी बारा वर्षं गेली. मला वारासिवनीला नणंदेकडे लग्नाला जायचं होतं. गुरुजी आमच्या गल्लीतूनच चालले होते, म्हणून माझी पिशवी घेऊन बसस्टँडवर सोडायला आले. केस पांढरे झाले होते, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी गाडीची चौकशी करत होते, तेवढ्यात रायपूरच्या गाडीतून उतरलेला एक चष्मेवाला माणूस पुढे आला आणि गुरुजींच्या पाया पडला.

"पैचानलं नाही का, गुरुजी? मी तेजलाल."

गुरुजींनी माझी पिशवी खाली ठेवली. त्यांनी दोन्ही हात जोडले. "मले माफ कर, बापू. तुह्या बापाले मी सांगितलं. तोंडानं नाही, पन सांगितलं."

तेजलाल गोंधळून बघत राहिला. "तुमी काहून माफी मांगता? बाबूजीले तर त्याच दिवशी मालूम होतं. मंडईतून घरी गेलो, त्यांनी विचारलं, मी हौ म्हटलं. झूठ कायले बोलू?"

"त्याच दिवशी?"

"हौ ना. मी म्हटलं, चावडीवर जाऊन सांगतो. तर मले कोठीत बंद केलं. घरची इज्जत जाईल म्हने. टोलीतलं एखादं नाव निघालं असतं, तर बात दबली असती. तेच पाहिजे होतं त्यांले. चेहरा बसला तवा भ्याले. तुमी आता मलेच चावडीवर बोलावून चेहरा लावाले सांगता, असं वाटलं त्यांले. तुमाले हे कोणी सांगितलंच नाही?"

गुरुजी बाकावर बसले. मी शेजारी बसले. माझ्या डोळ्यांपुढे तो पटेल आला, वीस दिवस सगळं माहीत असून चावडीवर नाव विचारणारा. मला संताप आला, आणि गुरुजींच्या गेलेल्या बारा वर्षांसाठी रडूही आलं. गुरुजी आपल्या बोटांकडे बघत होते. नखं स्वच्छ होती.

मग त्यांनी विचारलं, "बाप जिता हाये तुहा?"

"हाये. खाटेवर हाये, पन होशात हाये. त्यांलेच भेटाले चाललो."

"हट्ट्याची गाडी कोनती?"

तेजलालने हात दाखवला. गुरुजी उठले. त्या उन्हाळ्यात आमची बदली झाली आणि मी बालाघाट सोडलं. शाळेला सुट्टी होती, मधल्या दिवसांत त्यांची माझी गाठ पडली नाही, म्हणून मी त्यांना पाहिलं ते त्या दिवशीच शेवटचं. मी घाबरून त्यांच्या मागे गेले. म्हटलं, "गुरुजी, खाटेवरचा म्हातारा माणूस आहे. आता भांडून काय होणार?"

"भांडाले नाही जाऊन राह्यलो, बाई," गुरुजी म्हणाले आणि पायरीवर चढले. "कोणासंगं तरी घरी निरोप धाडजा, जेवाले थांबू नोका म्हना. वीस दिवस टोलीच्या चुली थंड होत्या. माही माय पेज पेऊन राहे. त्याले सारं मालूम होतं, तवा त्याले जेवन गेलं काय, येवढंच विचारून येतो."